चुकलेल्या अभ्यासांची बाजू

‘अभ्यासांचं काय, रोज एक येतो’ हे वाक्य हल्ली शहाणपणाची खूण मानलं जातं. सोसायटीच्या मीटिंगपासून संपादकीय पानापर्यंत ते कुठेही ऐकू येतं आणि त्यापाठोपाठ यादीही तयार असते. प्रकाशाहून वेगवान कण सापडले म्हणाले, मग म्हणाले केबल ढिली होती. साध्या तापमानाला विजेचा रोध शून्य करणारा पदार्थ मिळाला म्हणाले, तीन आठवड्यांत ते बारगळलं. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन आधी रामबाण, मग घातक, मग नुसतंच निरुपयोगी. तज्ज्ञांच्या समितीने करोना फेब्रुवारीत आटोक्यात येईल असं सांगितलं आणि एप्रिलमध्ये ऑक्सिजनसाठी धावाधाव झाली. हार्वर्डच्या अर्थतज्ज्ञांना तर म्हणे एक्सेलमध्ये सरासरीही नीट काढता आली नाही. यादी संपली की निष्कर्ष येतो: सगळे एका माळेचे मणी, ज्याचा पैसा त्याचा निकाल, तेव्हा ज्याला जे पटेल ते त्याने मानावं.

यादीतली एकही घटना खोटी नाही. म्हणूनच हा युक्तिवाद हसण्यावारी नेता येत नाही. शिवाय त्याला नेहमी मिळणारं उत्तर फार लंगडं आहे. ‘विज्ञान आपल्या चुका आपणच सुधारतं’ असं म्हणून विज्ञानप्रेमी मंडळी मोकळी होतात. आपोआप काहीच सुधारत नाही. ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकाने फेब्रुवारी १९९८मध्ये गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरच्या एकत्रित लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफील्ड यांचा लेख छापला. त्यात अवघी १२ मुलं होती. तो मागे घ्यायला फेब्रुवारी २०१० उजाडला, आणि त्यातला गैरप्रकार खणून काढला तो ब्रायन डीअर या पत्रकाराने. मधल्या बारा वर्षांत ब्रिटनमधलं लसीकरण घसरलं आणि गोवर परतला. या कारभाराची भलामण करायचं काही कारण नाही.

तरीही यादीवरून काढलेला निष्कर्ष चुकीचाच आहे, कारण यादीवाले एक साधा प्रश्न विचारत नाहीत: ही चूक कळली कशी? चूक पकडणाऱ्याच्या हातात प्रत्येक वेळी काहीतरी होतं. कधी एक्सेलची फाइल, कधी आलेख, कधी भट्टीची कृती, कधी रुग्णांचा तक्ता. जिथे असं काही हाती लागू दिलं गेलं नाही, तिथे चूक लांबली. अविश्वासाला जागा जरूर आहे. पण तो सगळ्यांवर सारखा शिंपडला की ज्यांच्यावर खरोखर ठेवायला हवा, ते त्या गर्दीत आरामात निसटतात.

यादीतल्या पहिल्याच उदाहरणात ते दिसतं. सप्टेंबर २०११मध्ये इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखालच्या ‘ऑपेरा’ प्रयोगाने जाहीर केलं, की जिनिव्हाजवळच्या सर्नहून निघालेले न्यूट्रिनो हे कण ७३० किलोमीटरचं अंतर कापून प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचतात. वर्तमानपत्रांनी आइन्स्टाइनला लगेच निवृत्त करून टाकलं. प्रयोग करणाऱ्यांनी मात्र तसा दावा केलाच नव्हता. महिनोन्‌महिने शोधूनही चूक सापडत नाही, तेव्हा आता इतरांनी तपासावं, असं त्यांचं सांगणं होतं.

इतरांनी तपासायला घेतलं. सर्वांत आधी आठवण झाली ती १९८७मधल्या ताऱ्याच्या स्फोटाची. सुमारे १,६८,००० वर्षं प्रवास करून आलेले त्या स्फोटाचे न्यूट्रिनो प्रकाशाच्या फक्त काही तास आधी पृथ्वीवर टिपले गेले होते. ते तासही प्रकाश ताऱ्याच्या पृष्ठभागातून उशिरा सुटल्यामुळे पडलेले. ऑपेराने मोजलेला वेग त्यांनाही लागू असता, तर ते चार वर्षं आधी यायला हवे होते. मग फेब्रुवारी २०१२मध्ये दोष हाती लागला. जीपीएसचा संकेत मुख्य घड्याळापर्यंत नेणाऱ्या ऑप्टिकल फायबरचा जोड पुरता आवळलेला नव्हता, आणि त्यामुळे सुमारे ७३ नॅनोसेकंदांचा फरक पडत होता. दुसऱ्या एका घड्याळाची चूक उलट दिशेने सुमारे १५ नॅनोसेकंदांची होती. वजाबाकी केल्यावर उरतात ते जवळपास तेच बदनाम ६०. त्याच डोंगराखालच्या ‘इकारस’ प्रयोगाने वेगळी मोजणी करून न्यूट्रिनो प्रकाशाला मागे टाकत नाहीत हे दाखवलं. ऑपेराच्या प्रवक्त्याने मार्चमध्ये पद सोडलं. सगळं मिळून सहा महिने. यावरून ‘शास्त्रज्ञांचं काही खरं नाही’ म्हणणं म्हणजे लेखापरीक्षकाने चूक पकडली म्हणून पतपेढी बुडीत ठरवणं.

नव्या पदार्थांच्या संशोधनातली दोन प्रकरणं शेजारीशेजारी ठेवली, तर हा मुद्दा आणखी उघड होतो. जुलै २०२३मध्ये दक्षिण कोरियातल्या एका छोट्या गटाने एलके-९९ या पदार्थाबद्दलचे लेख कुणाच्याही समीक्षणाआधी सर्वांसाठी खुले केले. दावा जबरदस्त होता: शिसं, तांबं, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचा हा पदार्थ साध्या हवेच्या दाबाला थेट १२७ अंश सेल्सिअसपर्यंत अतिवाहक राहतो, म्हणजे त्याचा विजेचा रोध शून्य असतो. चुंबकावर एका कडेने तरंगणाऱ्या काळ्या खड्याचा व्हिडिओ जगभर फिरला. लेख कच्चा होता, पण त्यात एक मोलाची गोष्ट होती. कृती दिलेली होती: कोणते घटक, निर्वात बंद नळी, ९२५ अंशांची भट्टी.

दिल्लीतल्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत व्ही. पी. एस. अवाना यांच्या गटाने लगोलग तो पदार्थ बनवून पाहिला. अतिवाहकता दिसली नाही. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ प्रशांत जैन यांची नजर एका आकड्यावर अडली. मूळ लेखात रोध १०४.८ अंशांना एकदम कोसळत होता आणि हे तापमान त्यांच्या परिचयाचं होतं. तांब्याचं सल्फाइड त्याच सुमारास आपली अंतर्रचना बदलतं, आणि दिलेल्या कृतीने एलके-९९ बनवताना ते भेसळ म्हणून तयार होतंच. पुढे जर्मनीत श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी ही भेसळ टाळून शुद्ध स्फटिक वाढवले. ते पारदर्शक, जांभळट आणि चक्क विद्युतरोधक निघाले. ऑगस्टच्या मध्यापर्यंत विषय संपला.

आता दुसरं प्रकरण. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातल्या रंगा डायस यांच्या गटाचा १५ अंशांच्या अतिवाहकाचा लेख ‘नेचर’ने ऑक्टोबर २०२०मध्ये रीतसर समीक्षण करून छापला. इतर संशोधक मूळ मोजमापांचे आकडे मागत राहिले. ते बाहेर यायला वर्ष उलटलं. सप्टेंबर २०२२मध्ये लेख मागे घेतला गेला. तरी मार्च २०२३मध्ये त्याच नियतकालिकाने त्याच गटाचा नवा दावा छापला, आणि नोव्हेंबरात तोही मागे घेण्याची पाळी आली. विद्यापीठाच्या चौकशीत गैरवर्तन झाल्याचा निष्कर्ष निघाला. समीक्षणाचा शिक्का नसलेला कच्चा दावा तीन आठवड्यांत निकालात निघतो आणि जगातल्या सर्वांत प्रतिष्ठित नियतकालिकातला दावा दोन वर्षं टिकतो, यात शिक्क्याचं महत्त्व किती आणि कृती उघड असण्याचं किती, हे ‘सगळे सारखेच’ म्हणणाऱ्याने सांगावं.

भारतातही असा प्रसंग येऊन गेला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या दोघा संशोधकांनी जुलै २०१८मध्ये सोन्या-चांदीच्या अतिसूक्ष्म कणांत उणे ३७ अंशांना अतिवाहकता दिसल्याचा दावा मांडला. तेव्हा एमआयटीत असलेले ब्रायन स्किनर आलेख निरखत बसले. वेगवेगळ्या चुंबकीय क्षेत्रांत घेतलेल्या दोन मोजण्यांत बिंदूंचा बारीक चढउतार हुबेहूब सारखा होता. यंत्राच्या नैसर्गिक थरथरीत असं साम्य सहसा येत नाही. दोन वेगळ्या दिवशी पडलेल्या पावसाचे थेंब एकाच नक्षीत कसे पडतील? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या प्रताप रायचौधुरी यांनी मात्र लबाडीचा शिक्का मारण्याची घाई केली नाही. असं साम्य खरोखर येऊ शकेल अशी एक भौतिक शक्यता त्यांनी मांडून पाहिली. तो दावा पुढे सर्वमान्य झाला नाही. पण वाद झाला तो आलेखातल्या ठिपक्यांवर, कारण ठिपके सर्वांसमोर होते.

वैद्यकातली चूक जास्त महाग पडते. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनची कहाणी यादीवाले चवीने सांगतात, पण अर्धवट. मार्च २०२०मध्ये मार्सेयच्या दिदिए राऊल यांच्या गटाने हे औषध करोनावर चालतं असा लेख प्रसिद्ध केला. औषध मिळालेले रुग्ण २६ होते. हिशेबात मात्र २० धरले. गळलेल्या सहांपैकी तिघांना अतिदक्षता विभागात हलवावं लागलं होतं, एक दगावला होता, एकाने मळमळ होते म्हणून औषध सोडलं होतं आणि एक रुग्णालय सोडून गेला होता. म्हणजे ज्यांची प्रकृती बिघडली तेच मोजणीतून बाहेर. औषधाचा गुण ठरवला तो रुग्ण बरा होण्यावरून नव्हे, तर त्याच्या नाकाच्या नमुन्यात विषाणू सापडतो की नाही यावरून. यातलं काहीही गुप्त नव्हतं. सहा जणांची हकीकत लेखातच छापलेली होती आणि ज्यांनी लेख वाचला त्यांनी आठवडाभरात बोंब मारली. ज्यांनी फक्त मथळा वाचला, त्यांत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्षही होते. तो लेख औपचारिकपणे मागे घेतला गेला डिसेंबर २०२४मध्ये. या दिरंगाईचा बचाव कुणी करू नये.

मे महिन्यात लंबक उलटा फिरला. ‘सर्जिस्फिअर’ या अमेरिकी कंपनीने पुरवलेल्या, ६७१ रुग्णालयांतल्या ९६,०३२ रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला लेख ‘लॅन्सेट’ने छापला. हेच औषध घेणाऱ्यांत मृत्यू वाढतात, असं त्यात म्हटलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला या औषधाचा भाग थांबवला. पण ऑस्ट्रेलियातल्या आकड्यांनी घोटाळा केला. लेखातल्या नोंदींप्रमाणे २१ एप्रिलपर्यंत तिथल्या रुग्णालयांत ७३ मृत्यू झाले होते, तर त्या दिवसापर्यंतची अख्ख्या देशाची अधिकृत संख्या होती ६७. संशोधकांनी मूळ नोंदी मागितल्या. कंपनीने त्या स्वतंत्र परीक्षकांच्याही हाती दिल्या नाहीत, आणि छापल्यापासून तेराव्या दिवशी लेख मागे गेला.

मग खरं कळलं कुठून? ऑक्सफर्डहून चालवलेल्या ‘रिकव्हरी’ चाचणीतून. कोणत्या रुग्णाला औषध द्यायचं हे डॉक्टरच्या मतावर न सोडता चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं गेलं. औषध मिळालेले १,५६१, नेहमीचे उपचार मिळालेले ३,१५५. अठ्ठावीस दिवसांत पहिल्या गटात २७ टक्के दगावले, दुसऱ्यात २५. औषधाचा उपयोग नाही, एवढा निर्वाळा त्यातून मिळाला. त्याच चाचणीने जून २०२०मध्ये डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी करतं हेही दाखवलं. तेव्हा ‘रामबाण, घातक, निरुपयोगी’ ही तीन मतं एका तोलाची नव्हती. पहिलं वीस रुग्णांवर उभं होतं, दुसरं कुणालाच न दिसलेल्या नोंदींवर, तिसरं चिठ्ठ्या टाकून विभागलेल्या ४,७१६ जणांवर. तिन्हींना ‘एक अभ्यास’ म्हणून एकाच ओळीत बसवणं हीच मुळात दिशाभूल आहे.

‘ज्याचा पैसा त्याचा निकाल’ या आरोपात तथ्य आहे, आणि तो करणारे इथेच थांबतात हे वाईट. पुढे काय झालं ते पाहायला हवं. औषधाची चाचणी संपल्यावर ज्या मोजमापात यश दिसलं तेच आपलं उद्दिष्ट होतं असं सांगण्याची सोय पूर्वी होती. मग चाचणी सुरू होण्याआधी उद्दिष्ट जाहीर नोंदवण्याचा नियम आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेच्या पैशाने झालेल्या हृदयविकारावरच्या मोठ्या चाचण्यांचा आढावा २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. सन २००० पूर्वीच्या ३० चाचण्यांपैकी १७मध्ये उपचाराचा फायदा दिसला होता. त्यानंतरच्या २५ चाचण्यांपैकी किती? दोन. औषधं एकाएकी कुचकामी झाली नाहीत. पळवाट बंद झाली. भारतात अशा नोंदणीची व्यवस्था २००७मध्ये सुरू झाली आणि जून २००९पासून औषधांच्या चाचण्यांना ती सक्तीची आहे. ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री’ कुणालाही घरबसल्या उघडून पाहता येते. कंपन्यांवर संशय असलेल्या किती जणांनी ती एकदा तरी उघडली असेल?

रोगांच्या साथीची गणिती मॉडेलं हा यादीवाल्यांचा सर्वांत आवडता बकरा. या विद्येचा मुंबईशी जुना संबंध आहे. केरमॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांनी एडिनबरा इथे १९२७मध्ये साथीचं गणित मांडलं. अजूनही साथींच्या बहुतेक मॉडेलांच्या पायाशी तेच गणित असतं. ते पारखायला त्यांनी घेतले मुंबईतल्या प्लेगचे आठवड्यावार मृत्यू, १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६. त्यांनी काढलेली वक्ररेषा त्या आकड्यांवर इतकी चपखल बसली, की पाठ्यपुस्तकांत ती पिढ्यान्‌पिढ्या छापली गेली. पण मुंबईचा प्लेग माणसाकडून माणसाकडे चालत नव्हता. तो उंदरांच्या पिसवांमधून येई आणि ऋतूप्रमाणे दरवर्षी चढे-उतरे. निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने २०१२मध्ये ऋतूचा हिशेब घालून दाखवून दिलं, की ती वक्ररेषा त्या साथीचं खरं कारण सांगत नाही. रेषा जुळली म्हणजे कारण कळलं असं नसतं, याचं इतकं चोख उदाहरण दुसरं मिळणार नाही. गंमत अशी, की आपण धरलेली गृहीतकं काटेकोर खरी नाहीत आणि हा हिशेब ढोबळ आहे, असं केरमॅक-मॅकेंड्रिक यांनी त्याच निबंधात लिहून ठेवलं होतं. तेवढाच परिच्छेद पुढच्यांनी वगळला.

हीच वगळण्याची सवय लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या अहवालाबाबत दिसली. नील फर्ग्युसन यांच्या गटाने १६ मार्च २०२० रोजी सांगितलं, की काहीच उपाय केले नाहीत तर ब्रिटनमध्ये ५,१०,००० माणसं मरतील. तेवढी मेली नाहीत, सबब मॉडेल फसलं, असं आजही ठासून सांगितलं जातं. ‘काहीच उपाय केले नाहीत तर’ हे शब्द मग कुठे गेले? टाळेबंदी, मास्क, लस असं सगळं होऊनही ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक माणसं करोनाने गेली. टीकेत एक भाग रास्त होता: मॉडेलची संगणकीय आज्ञावली जुनी, गुंतागुंतीची आणि सुरुवातीला बंद होती. ओरड झाल्यावर ती खुली करावी लागली, आणि केंब्रिजच्या एका संशोधकाने ती चालवून अहवालातले आकडे पुन्हा मिळवले.

भारतीय मॉडेलाचा दोष वेगळा होता आणि तो नेमका सांगायला हवा. केंद्राच्या विज्ञान खात्याने नेमलेल्या समितीने ऑक्टोबर २०२०मध्ये सांगितलं, की शिखर सप्टेंबरात होऊन गेलं. खबरदारी पाळली तर फेब्रुवारी २०२१ अखेर साथ आटोक्यात येईल. प्रत्यक्षात २२ फेब्रुवारीला अमरावतीत टाळेबंदी लागली होती. पुढे याच समितीतल्या ‘सूत्र’ मॉडेलवाल्यांनी दुसऱ्या लाटेचं शिखर एप्रिलच्या मध्यावर येईल असं म्हटलं. ते आलं मे महिन्यात. ६ मेच्या एका दिवसात देशात चार लाखांहून अधिक नवे रुग्ण नोंदले गेले. पुढच्या चढाचं कारण ठरलेला विषाणूचा नवा अवतार आधीच्या आकड्यांत दिसतच नव्हता, आणि आधीच्या आकड्यांवर रेषा बसवणाऱ्या मॉडेलाला तो दिसणार तरी कसा? खरी चूक ही, की मॉडेलाची ही मर्यादा आणि अंदाजाची कमी-जास्त टोकं लोकांपुढे आकड्याइतक्या ठळकपणे आली नाहीत.

त्याआधी, जुलै २०२०मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी तीन वॉर्डांत सुमारे सात हजार लोकांच्या रक्ताची तपासणी केली होती. झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं मिळाली, इमारतींत १६ टक्के. ही मोजणी होती, भविष्यवाणी नव्हे. ज्या मॉडेलाला मुंबईबद्दल बोलायचं असेल त्याला या दोन आकड्यांशी जुळवून घेणं भाग होतं. मॉडेलं टाकून द्या म्हणणाऱ्यांनी एवढं आठवावं, की जानेवारी २०२१मध्ये ‘आता गेला करोना’ म्हणत मंगल कार्यालयं बुक करणाराही अंदाजच बांधत होता. फक्त त्याचं गणित कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हणून ते चुकलं तेव्हा कुणी त्याला जाब विचारला नाही.

यादीवाल्यांचा हुकमाचा एक्का म्हणजे जॉन इओआनिडिस यांचा २००५चा निबंध. प्रसिद्ध झालेले बहुतेक निष्कर्ष खोटे असतात, असं त्याचं शीर्षकच सांगतं. ते उद्धृत करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी आत वाचलेलं असतं. नमुना लहान, शक्यता ढीगभर, हितसंबंध गुंतलेले आणि पद्धत ऐन वेळी बदलण्याची मुभा असेल तेव्हा निष्कर्ष खोटा निघण्याची शक्यता कशी वाढते, याचं ते गणित आहे. ते अभ्यासांची प्रतवारी करायला शिकवतं. यादीवाले त्यातून प्रतवारीच नको असं शिकतात. दुसरा आवडता दाखला २०१२चा. ॲमजेन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी कर्करोगावरचे ५३ महत्त्वाचे अभ्यास पुन्हा करून पाहिले आणि जुळले फक्त सहा. धक्कादायक आकडा, पण त्या लेखात ते ५३ अभ्यास कोणते याची यादीच नव्हती. ‘संशोधन तपासता येत नाही’ याचा जगभर गाजलेला पुरावा स्वतःच तपासता येत नव्हता. तरी त्यावर विश्वास मात्र डोळे झाकून.

राहिला पैशाचा प्रांत. कार्मेन राइनहार्ट आणि हार्वर्डचे केनेथ रोगॉफ यांनी २०१०मध्ये लिहिलं, की सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की विकासदर कोसळतो; सरासरी उणे ०.१ टक्का. युरोप-अमेरिकेत काटकसरीच्या धोरणाला याचा मोठा आधार मिळाला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट शाखेतला थॉमस हर्न्डन हा विद्यार्थी वर्गातला स्वाध्याय म्हणून ते आकडे पुन्हा काढायला बसला, ते जुळेनात. त्याने लेखकांकडे फाइल मागितली आणि त्यांनी ती दिली. सरासरीचं सूत्र ४९व्या ओळीऐवजी ४४व्या ओळीवरच थांबलं होतं. त्यामुळे ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हिशेबाबाहेर राहिले होते. शिवाय न्यूझीलंडच्या एकट्या १९५१ सालाला ब्रिटनच्या १९ वर्षांइतकंच वजन दिलं होतं. हे सगळं नीट केल्यावर उणे ०.१चं झालं अधिक २.२. जास्त कर्जाच्या देशांत वाढ थोडी मंद असते हे दुरुस्त तक्त्यातही दिसतं. नाहीशी झाली ती कडेलोटाची रेषा. या प्रकरणात हसायचंच असेल तर ज्या मंत्र्यांनी तीन वर्षं तो आकडा भाषणांत वापरला आणि एकदाही फाइल मागितली नाही, त्यांना हसावं.

तपासता येणारा आकडा आणि नुसता दावा यांतला भेद शेअर बाजारात रोज पैशांत मोजला जातो. बाजाराला मात देणाऱ्या ९७ सूत्रांची मॅकलीन आणि पाँटिफ यांनी २०१६मध्ये तपासणी केली. मूळ अभ्यासातल्या कालखंडाबाहेर त्यांचा परतावा २६ टक्क्यांनी आणि लेख छापून झाल्यावर ५८ टक्क्यांनी घटलेला निघाला. जुन्या आकड्यांवर सूत्र चालवून ‘बॅकटेस्ट’चा चढता आलेख दाखवणाऱ्या, टिपा विकणाऱ्या मंडळींना हे माहीत असतंच. ते विकत घेणाऱ्याला नसतं. आणि नेमका इथे ‘अभ्यासांवर माझा विश्वास नाही’ म्हणणाऱ्या बाण्याचा कस लागतो.

शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने सप्टेंबर २०२४मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांनी पैसे घालवले; एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त. यात मॉडेल नाही, वक्ररेषा नाही, कुणाच्या नाकातले नमुने नाहीत. खात्यांवरची बेरीज-वजाबाकी आहे. ज्या वर्षात नियम कडक झाले त्या वर्षाचा हिशेब जुलै २०२५मध्ये आला: तोट्यात ९१ टक्के, निव्वळ तोटा १,०५,६०३ कोटी रुपये, आदल्या वर्षापेक्षा ४१ टक्के अधिक. हा अभ्यास ‘असे रोज येतात’ म्हणून बाजूला सारणारा माणूस संशयी नसतो. एका टेलिग्राम चॅनेलवरच्या नफ्याच्या स्क्रीनशॉटवर त्याचा पुरता भरवसा असतो, आणि त्या स्क्रीनशॉटमधून गळलेली खाती मार्सेयच्या सहा रुग्णांसारखी कुठे छापलेलीही नसतात. सेबीचे आकडे ज्यांना खोटे वाटतात त्यांनी ते खोडून दाखवावेत. दलालांकडे खाती आहेत, मोजण्याची पद्धत अहवालात दिलेली आहे. टिपा विकणाऱ्यांनी निदान गेल्या तीन वर्षांतल्या आपल्या सगळ्या ग्राहकांचा, बुडालेल्यांसकट, असाच एक तक्ता समोर ठेवावा.